शाळा बघायला जाताय? आधी शाळा सुटायच्या वेळेला गेटवर उभं राहा

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी एकच विषय सुरू होतो, नर्सरीचे फॉर्म. कुठे फॉर्म सुटले, कुठे डोनेशन मागतात, सीबीएसई घ्यावं का स्टेट बोर्ड, कोणाच्या ओळखीचं कोणी आहे का. परवा बी विंगमधल्या एका ताईंनी मला वेगळा मेसेज केला, की तुम्ही मनूची शाळा मध्येच बदलली होती ना, का बदलली आणि आत्ताची कशी शोधली ते जरा नीट सांगाल का, आम्हाला इथे सांगायला कोणीच नाही. मी फोन केला आणि पाऊण तास बोलले तरी निम्मं राहिलंच होतं, म्हणून म्हटलं आता सगळं लिहूनच काढते, त्यांनाही पाठवता येईल आणि अजून कोणाला लागलं तर त्यांनाही.

आधी आमचं सांगते. आम्ही धायरीला राहतो, मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो, घरी सासूबाई आहेत. मनूचा, म्हणजे आमच्या मुलीचा, जन्म ऑगस्ट २०१८ चा. तिचं नर्सरीचं वर्ष कोविडमध्येच गेलं, शाळा म्हणजे मोबाईल एवढंच तिला माहीत, त्यामुळे ज्युनियर केजीला तिला खरीखुरी, मोठी, छान शाळा मिळावी असं आम्हाला फार वाटत होतं. आणि त्या वाटण्यातच आम्ही चुकलो.

चांदणी चौकाच्या पलीकडे एक शाळा आहे, नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही कारण अशा पुष्कळ आहेत. आम्ही शनिवारी बघायला गेलो. रिसेप्शनला थंडगार एसी, हातात टॅब घेतलेल्या एक मॅडम, त्यांनी आम्हाला पूर्ण कॅम्पस फिरवला. स्विमिंग पूल, स्केटिंगची रिंग, बाहुल्यांचं घर असलेली खोली, प्रत्येक वर्गात मोठा डिजिटल बोर्ड. आम्ही दोघं मराठी शाळेत पत्र्याच्या शेडखाली शिकलेले, आम्हाला ते बघून भरूनच आलं. मनू त्या बाहुल्यांच्या घरातून बाहेर यायलाच तयार नव्हती. वर्षाचे १,२०,००० फी, वर ऍडमिशनचे वेगळे, बसचे ३४,०००, पुस्तकं आणि युनिफॉर्म तिथूनच घ्यायचं. आम्ही त्याच दिवशी २५,००० भरून सीट ब्लॉक केली.

आता मागे वळून बघते तेव्हा कळतं की त्या दिवशी मी स्विमिंग पूल किती खोल आहे ते विचारलं, कँटीनमध्ये काय मिळतं ते विचारलं, सीसीटीव्ही विचारला. एका वर्गात मुलं किती, टीचर किती वर्षं टिकतात, बस आमच्या घरी किती वाजता येणार, हे तीन प्रश्न मी विचारलेच नाहीत. आणि शनिवार असल्यामुळे शाळेत एकही मूल नव्हतं. रिकामी शाळा बघून आम्ही शाळा निवडली.

जूनमध्ये कळलं की बस ६.५० ला येणार. म्हणजे पावणेसहाला उठवायचं. धायरी फाट्यावरून नवले पूल, मग वारजे, मग चांदणी चौक, आणि ज्यांना पुण्यातलं २०२२ चं ते वर्ष आठवतंय त्यांना सांगायला नको, चांदणी चौकाचं काम चालू होतं, तो जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला आणि नवीन सगळं सुरू व्हायला पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला. सकाळचा सव्वा तास आणि दुपारचा कधी सव्वा कधी दीड. चार वर्षांचं मूल तीन तासांच्या शाळेसाठी अडीच-पावणेतीन तास बसमध्ये. डबा रोज तसाच परत यायचा. घरी आली की बूट न काढता सोफ्यावर झोपायची, सासूबाई हळूच बूट काढायच्या.

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी बस जवळजवळ दोन तास अडकली. मी त्या दिवशी घरूनच काम करत होते म्हणून खाली घ्यायला गेले. मनू उतरली ती दप्तर पाठीवर न घेता पोटाशी दोन्ही हातांनी धरून उतरली. मी म्हटलं दे माझ्याकडे, तर देईना. लिफ्टमध्ये गेल्यावर कळलं की फ्रॉक ओला झाला होता. बसमधल्या मावशींना तिने दोनदा सांगितलं होतं, पण त्या तरी हायवेवर बस कुठे थांबवणार? ती रडली नाही, काही बोलली नाही, फक्त कोणाला दिसू नये म्हणून दप्तर पुढे धरून उभी होती. त्या बाहुल्यांच्या घराचा आणि स्विमिंग पूलचा मला त्या क्षणी इतका राग आला ना. (पूल तर तिसरीनंतरच वापरायला मिळतो हेही आम्हाला ऍडमिशननंतर समजलं.)

त्याच वर्षात तिच्या वर्गाला तीन टीचर झाल्या. जूनमध्ये एक, त्या दिवाळीआधी सोडून गेल्या. दुसऱ्या दीड महिना होत्या. तिसऱ्या डिसेंबरमध्ये आल्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या, पण जानेवारीच्या ओपन हाउसला त्या आमच्याशी दहा मिनिटं बोलल्या आणि आठव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की त्या दुसऱ्याच मुलीबद्दल सांगतायत. त्यांची चूक नव्हती, वर्गात ३८ मुलं आणि त्यांना येऊन महिना झालेला. नंतर एका आईकडून कळलं की तिथे टीचरना पगार किती देतात, आणि मग त्या का सोडून जातात ते वेगळं विचारायची गरज राहिली नाही. आमच्या लाखभर रुपयातले वर्गात उभ्या असणाऱ्या माणसापर्यंत किती पोचतात हे कोणीच आईबाप विचारत नाही, मीही विचारलं नव्हतं.

तेव्हा ठरवलं बदलायची. नवरा म्हणाला, "अगं पैसे भरलेत, एक वर्ष अजून बघू." पण सासूबाई म्हणाल्या, "नाही." आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनीच, बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय, पहिल्या वेळेला त्यांना आम्ही शाळा बघायलासुद्धा नेलं नव्हतं, त्यांना इंग्लिश मीडियमचं काय कळणार असं आमच्या मनात कुठेतरी होतं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या म्हणाल्या, "शाळा बघायची तर वह्या बघ. वह्या खोटं बोलत नाहीत."

म्हणजे काय, तर ज्या शाळेचा विचार करताय तिथे जाणारं ओळखीतलं, सोसायटीतलं एखादं मूल शोधायचं, दुसरी-तिसरीतलं असेल तर उत्तम, आणि त्याच्या आईला विनंती करून गेल्या वर्षीच्या वह्या एक संध्याकाळ मागून आणायच्या. रद्दीत गेल्या नसतील तर लोक देतात हो, कोणी नाही म्हणत नाही. आम्ही अशा तीन शाळांच्या वह्या आणल्या आणि आई चष्मा लावून डायनिंग टेबलवर दोन तास बसल्या.

पहिल्या शाळेची वही दिसायला सगळ्यात सुंदर. मोत्यासारखं अक्षर, प्रत्येक पानावर स्टारचा शिक्का. आईंनी चार पानं उलटली आणि म्हणाल्या हे सगळं फळ्यावरून उतरवलंय, या पोराने स्वतःच्या मनाचं एक वाक्य लिहिलेलं नाही अख्ख्या वर्षात. आणि एका पानावर स्पेलिंग चुकीचं होतं तरी त्यावर 'गुड'चा शिक्का. म्हणजे टीचरने वाचलंच नाही, वाचायला वेळच नसणार. दुसऱ्या शाळेची वही जून ते ऑगस्ट गच्च भरलेली आणि नंतर एकदम कोरी, मग डिसेंबरपासून दुसऱ्याच अक्षरात तपासलेली. ते काय असतं ते आम्हाला आता सांगायला नको होतं.

तिसरी वही मळकी होती, कव्हर फाटलेलं. मराठीची वही, दुसरीतल्या मुलाची. 'माझी आजी' म्हणून पाच वाक्यं लिहायची होती. त्याने लिहिलं होतं, माझी आजी गावाला असते. ती फोनवर खूप ओरडते. खाली बाईंनी लाल पेनने लिहिलं होतं, "का ओरडते?" आणि त्याखाली परत त्या मुलाचं पेन्सिलीतलं अक्षर, "तिला ऐकू येत नाही मनून." त्या 'मनून'वर बाईंनी गोल करून शेजारी 'म्हणून' लिहिलं होतं आणि त्याच्याखाली, "मग तू पण मोठ्याने बोलतोस का?" आईंनी ते पान माझ्याकडे सरकवलं आणि बोटाने दाखवलं, काही बोलल्या नाहीत. मी ते वाचलं आणि त्याच वेळेला माझं ठरलं होतं खरं म्हणजे.

तरी यावेळी घाई करायची नाही असं ठरवलेलं म्हणून बाकीचंही सगळं केलं, तेही सांगते कारण ते पण तितकंच लागतं.

शाळा सुटायच्या वेळेला गेटवर जाऊन उभं राहा. एक दिवस नाही, तीन-चार दिवस. मी ऑफिसची अर्धी सुट्टी टाकून, दोनदा आईंना पाठवून हे केलं. गेटवर नेहमीचे आजीआजोबा असतात, रिक्षाकाका, व्हॅनकाका असतात, ते जेवढं खरं सांगतात तेवढं कुठलं ब्रोशर सांगत नाही. एक व्हॅनकाका मला म्हणाले, "ताई, या शाळेतून पोरं भांडत बाहेर येतात, त्या तिकडच्या शाळेतून गप बाहेर येतात. आम्हाला भांडणारी बरी वाटतात, गाडीत बसली की सांगत बसतात काय काय झालं ते." मुलं बाहेर येताना बघा, टीचर दारापर्यंत येतात का, मुलाला घ्यायला आलेल्या माणसाकडे बघून मग हात सोडतात का, एखाद्याला घ्यायला कोणी आलंच नाही तर त्याच्याजवळ कोण थांबतं. मोठ्या वर्गातली मुलं शिपाईमामांशी कशी बोलतात तेही बघा. हे सगळं दहा मिनिटांत दिसतं आणि त्याचा कोणी देखावा करू शकत नाही.

आणि आत बघायला जाताना चालू दिवशी जायचं, शनिवार-रविवारचा ओपन डे नको. सरळ विचारायचं की वर्ग चालू असताना बाहेरून बघता येईल का. मुलांना त्रास होतो म्हणून वर्गात सोडत नाहीत ते समजू शकतं, पण व्हरांड्यातूनही चालू देत नसतील तर मी पुढे जाणार नाही. टॉयलेट बघायचंच, तेही मधल्या सुट्टीनंतर. लहान मुलांच्या टॉयलेटजवळ बाई मदतनीस आहे का, ती कायमची नोकरीवर आहे का कंत्राटी, तिची पडताळणी झालीय का, हे बदलापूरच्या शाळेतल्या ऑगस्ट २०२४ च्या, लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या त्या भयंकर घटनेनंतर तरी कुठल्याही आईने संकोच न करता विचारावं. सीसीटीव्ही आहे म्हणून सांगतात, पण कॅमेरा बघणारं कोण, हा प्रश्न राहतोच.

आता कागदपत्रांचं. खाजगी शाळा म्हटलं की आपण बोर्डवर लिहिलंय ते खरं धरतो. 'सीबीएसई पॅटर्न' असं लिहिलेल्या कितीतरी शाळा आहेत, पॅटर्न म्हणजे मान्यता नाही. पुस्तकं त्या पद्धतीची वापरतात एवढाच त्याचा अर्थ. मान्यता असेल तर त्या शाळेला सीबीएसईचा संलग्नता क्रमांक असतो, बोर्डाच्या साईटवर शाळेचं नाव टाकून बघता येतं, आणि शाळेने स्वतःच्या वेबसाईटवर कागदपत्रं, शिक्षकांची माहिती, फी वगैरे उघड ठेवायची असा बोर्डाचाच नियम आहे. तसंच नावात 'इंटरनॅशनल' असलं म्हणून आयबी किंवा केंब्रिज हे आंतरराष्ट्रीय बोर्ड असेलच असं नाही. आणि कुठल्याही बोर्डाची असो, शाळेला ११ आकडी यूडायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो, तो विचारा आणि यूडायसच्या सरकारी साईटवर टाकून बघा, शिक्षक किती, मुलं किती, वर्गखोल्या किती ते सगळं दिसतं. अनधिकृत शाळांच्या याद्या शिक्षण खातं काढतं, पण त्या येईपर्यंत आपल्या ऍडमिशन झालेल्या असतात. माझ्या मामेबहिणीच्या मुलाला पाचवीत दाखला काढताना कळलं की शाळेला मान्यता चौथीपर्यंतचीच होती, मग वर्षभर चकरा.

वर्गात मुलं किती याला नियम आहेत. आरटीई म्हणजे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे, सीबीएसई एका तुकडीत ४० म्हणतं. शाळा सांगताना शाळेची सरासरी सांगतात, त्यात पीटीचे सर, संगीताच्या मॅडम सगळे मोजतात. आपण विचारायचं, "ज्युनियरच्या अ तुकडीत आज हजेरीपटावर किती नावं आहेत?" एवढंच. आणि त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये लिहिलंय की ऍडमिशन देताना मुलाची किंवा आईबापाची चाळणी परीक्षा, मुलाखत घ्यायची नाही, पहिल्या वेळेला २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तरी 'इंटरॅक्शन' म्हणून बोलावतात आणि तुमचं शिक्षण काय, घरी इंग्लिश बोलता का विचारतात. एका ठिकाणी मनूला वेगळ्या खोलीत नेऊन रंग ओळखायला लावले, तिने जांभळ्याला जांभळा म्हटलं तर त्या मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरी मराठी बोलता वाटतं." हो, बोलतो. आम्ही तिथूनच उठलो.

मराठीचं आलंच आहे तर, २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांना, कुठल्याही बोर्डाच्या असोत, पहिली ते दहावी मराठी शिकवणं सक्तीचं झालंय, शिकवलं नाही तर एक लाखापर्यंत दंड आहे. पण शिकवतात कसं हा खरा मुद्दा. मराठीला वेगळ्या बाई आहेत का वर्गटीचरच उरलेल्या तासाला घेतात, आठवड्याला तास किती, लायब्ररीत मराठी गोष्टींची पुस्तकं आहेत का आणि ती कपाटात कुलूप लावून आहेत का मुलांच्या हाताला लागतात. मला मुलीने इंग्लिश चांगलं बोलावं हे पाहिजेच आहे, त्यात मला काही चुकीचं वाटत नाही, पण तिला आजीचं पत्र वाचता आलं पाहिजे हेही मला तेवढंच पाहिजे. मराठी माध्यमातली सेमी-इंग्लिश शाळा घ्यावी असं आईंचं मत होतं आणि शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा म्हणतं. नवऱ्याची बदली कधीही दुसऱ्या राज्यात होऊ शकते म्हणून आम्ही इंग्लिश माध्यम घेतलं. ज्यांना ती अडचण नाही त्यांनी जवळची चांगली सेमी-इंग्लिश शाळा तरी बघून यावी असं मी मनापासून सांगेन, माझ्या मोठ्या दिराची दोन्ही मुलं सेमी-इंग्लिशमधूनच शिकून इंजिनियर झालीत.

बोर्डावरून मात्र एवढी डोकेफोड नका करू. केजी ते चौथीपर्यंत बोर्डापेक्षा बाई महत्त्वाच्या.

फीबद्दल जरा सविस्तर सांगते कारण हे मलाही माहीत नव्हतं. महाराष्ट्रात २०११ चा फी नियमनाचा कायदा आहे. त्यात प्रत्येक खाजगी शाळेत पालक-शिक्षक संघ पाहिजे आणि त्याची कार्यकारी समिती पाहिजे, मुख्याध्यापक अध्यक्ष, प्रत्येक इयत्तेतला एक पालक आणि एक शिक्षक, आणि हे पालक शाळेने निवडायचे नाहीत तर इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून काढायचे. शाळेने पुढच्या वर्षीची फी सहा महिने आधी या समितीपुढे हिशोबासकट ठेवायची आणि ठरलेली फी दोन वर्षं बदलायची नाही. आमच्या आधीच्या शाळेत दुसऱ्या वर्षाला १८,००० वाढवले तेव्हा मी विचारलं समितीत पालक कोण आहेत, तर ग्रुपवरच्या साठ आयांपैकी एकीलाही माहीत नव्हतं, ऑफिसमध्ये विचारलं तर मॅनेजमेंटचा निर्णय आहे एवढंच उत्तर. म्हणून शाळा बघतानाच विचारायचं, यावर्षीच्या समितीत पालक कोण आहेत, यादी नोटीस बोर्डवर लावलीय का. आत्ताच्या शाळेत ती यादी जिन्यापाशीच लावलेली होती, आणि गेल्या वर्षी चिठ्ठीत माझं नाव निघालं. पहिल्याच मीटिंगला मुख्याध्यापिका बाईंनी पगाराचा खर्च, लाईटबिल, इमारतीची दुरुस्ती असे कागद समोर ठेवले. आम्ही पालकांनी दोन बाबींवर वाद घातला, एक मान्य झाली एक नाही झाली. पण कागद बघायला मिळतो यानेच किती विश्वास वाटतो.

अजून एक प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारला आणि त्याच्या उत्तराने मला फार काही सांगितलं. आरटीईच्या २५ टक्क्यांतून, म्हणजे गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी खाजगी शाळांत राखीव असलेल्या जागांवर, आलेली मुलं तुमच्याकडे किती आहेत आणि ती बाकीच्यांबरोबर एकाच वर्गात बसतात का. २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना यातून सूट दिली होती, तो बदल हायकोर्टाने त्याच जुलैमध्ये रद्द केला आणि सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. म्हणजे ही मुलं बहुतेक खाजगी शाळांत असणारच आहेत. दोन शाळांमध्ये या प्रश्नावर समोरच्याचा चेहराच बदलला, एकीने तर मला दिलासा द्यावा तसं सांगितलं की काळजी करू नका, त्यांची तुकडी वेगळी ठेवतो. काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची वाटली. जी शाळा रिक्षावाल्याच्या मुलाला वेगळं बसवते ती उद्या माझ्या मुलीला कुठल्यातरी कारणाने वेगळं बसवेलच की.

तर अशी आत्ताची शाळा. घरापासून चालत बारा मिनिटं. एका जुन्या मराठी संस्थेची, विनाअनुदानित, इंग्लिश माध्यम, स्टेट बोर्ड, फी आधीच्या निम्म्याहून कमी. ज्युनियरच्या बाई तिथे चौदा वर्षं आहेत, सिनियरच्या नऊ. वर्गात २९ मुलं. कमी काय आहे तेही सांगते, मैदान लहान आहे आणि पावसाळ्यात चिखल होतो, कॉम्प्युटर लॅब जुनी आहे, नृत्य-संगीताचे तास आठवड्याला एकच, गॅदरिंगला स्टेज भाड्याने आणतात. इंग्लिश बोलण्यात मनू तिच्या जुन्या वर्गातल्या मुलांपेक्षा थोडी मागे आहे, त्यावर आम्ही घरी पुस्तकं वाचून काम करतोय. वेळ सकाळी सव्वानऊची, आणि हे आवर्जून विचारा कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं सांगितलंय तरी सगळीकडे पाळतात असं नाही.

बसच लागणार असेल तर बसचं बघा. राज्यात स्कूल बससाठी २०११ चे वेगळे नियम आहेत, शाळेत परिवहन समिती पाहिजे, बसमध्ये मुली असतील तर बाई मदतनीस पाहिजे. पण नियमापेक्षा आधी एक करा, आपली गाडी काढून सोमवारी सकाळी त्याच वेळेला त्याच रस्त्याने स्वतः जाऊन बघा, आणि मग त्यात बसचे बाकीचे स्टॉप धरा. मॅपवर रविवारी दुपारी वेळ बघून ठरवू नका, आम्ही तेच केलं होतं, बावीस मिनिटं दाखवली होती.

मनू आता दुसरीत आहे. तिला आजी सोडते आणि आजीच आणते, येताना कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे थांबून दोघी कोथिंबीर घेतात आणि मनू पैसे मोजून देते. डबा रिकामा येतो. बूट दारातच काढते.

गेल्या आठवड्यात तिची मराठीची वही तपासून आली. 'माझी शाळा' लिहायचं होतं. तिने लिहिलं होतं की माझ्या शाळेत एक चिंचेचं झाड आहे आणि त्याच्यावर चढायचं नाही. खाली बाईंनी विचारलंय, "कोण चढलं होतं?" त्याचं उत्तर मनूने अजून लिहिलेलं नाही, आणि आजीलाही सांगत नाहीये.

बी विंगमधल्या ताई, मंगळवारी मला सुट्टी आहे. शाळा पावणेतीनला सुटते, आपण अडीचलाच गेटवर जाऊ, ते व्हॅनकाका असतात तिथे, त्यांच्याशी तुमची गाठ घालून देते. आणि मनूच्या पहिलीच्या सगळ्या वह्या आईंनी जपून ठेवल्यात, त्या संध्याकाळी घेऊन येते तुमच्याकडे.